चमचाभर औषध

श्रोतेहो, जुन्या मोटारगाडीतून बोरघाट किंवा कात्रजचा घाट चढून जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांच्या कानांत एक आवाज अद्याप राहिला असेल. चढ उभा होत जातो, गाडीचा वेग मंदावतो, चालक पाय अधिक दाबतो, आणि मग इंजिनाच्या पोटातून टक्-टक् असे ठोके ऐकू येऊ लागतात. कोणी आत बसून लहानशा हातोडीने लोखंडावर घाव घालीत आहे, असा भास होतो. चालक घाईने गिअर उतरवतो, ठोके थांबतात आणि गाडी मुंगीच्या पावलांनी वर जाऊ लागते. घाटमाथ्यावर चहासाठी थांबले, की जाणकारांची चर्चा सुरू होई. कोणी सांगे, टाकीत डांबराच्या चार गोळ्या टाका. कोणी कापूर सुचवी. कोणी स्पिरिटचा पेलाभर उतारा सांगे. घरातल्या आजीच्या बटव्याप्रमाणे प्रत्येक मोटारवाल्याचाही एक बटवा असे.

ह्या घरगुती औषधांना आपण हसतो. परंतु त्यांचा इतिहास हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अशाच एका बटव्यातून, फळीवरच्या हाती लागलेल्या एका बाटलीतून, एक मोठा शोध निघाला. त्या शोधातून एक औषध तयार झाले. ते चमचाभर औषध पाऊण शतक साऱ्या जगातील मोटारगाड्यांनी घेतले आणि त्याची किंमत मोटारींनी नव्हे, तर रस्त्याकाठी खेळणाऱ्या मुलांनी मोजली. आज त्या औषधाची कथा मी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम ते ठोके कशाचे, हे पाहू. मोटारीच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण शिरते. दट्ट्या वर येऊन ते मिश्रण दाबतो, ठिणगी पडते, ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते आणि तापलेले वायू दट्ट्याला खाली ढकलतात. ह्यात ज्योत शिस्तीने पसरली तर सर्व ठीक. परंतु पुष्कळदा असे होते, की ज्योत पोहोचण्यापूर्वीच पलीकडच्या कोपऱ्यातले दाबलेले, तापलेले मिश्रण आपोआप एकदम पेटते. मग हळूहळू मिळणाऱ्या रेट्याऐवजी दट्ट्यावर आघात होतो. तोच तो ठोका. मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके त्याच पेट्रोलातून अधिक काम निघते. पण तितकीच ठोक्यांची भीतीही वाढते. म्हणजे ह्या ठोक्याने इंजिनाच्या प्रगतीची वाटच अडवून धरली होती. १९१० ते १९२० ह्या दशकात मोटारींची संख्या अमेरिकेत झपाट्याने वाढली, पेट्रोलचा दर्जा उतरत गेला आणि ठोक्यांची तक्रार घरोघर ऐकू येऊ लागली.

१९१६ हे साल ह्या कथेत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेत, परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या दोन ठिकाणी, इंधनात काहीतरी मिसळण्याचे दोन प्रयोग झाले. पहिला न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंड येथील फार्मिंगडेल ह्या गावी. लुई एनरिक्ट नावाच्या एका वृद्ध गृहस्थाने वार्ताहरांना आपल्या अंगणात बोलावले, रिकाम्या टाकीत साधे पाणी ओतले, त्यात हिरवट रंगाचे थोडेसे द्रव्य मिसळले आणि मोटार चालू करून दाखविली. पाण्याचे पेट्रोल झाल्याची वार्ता वाऱ्यासारखी पसरली. धनिक लोक पैसे घेऊन धावले. त्या हिरव्या द्रव्याचे रहस्य मात्र कधीच कोणाच्या हाती आले नाही, आणि पुढे इंधनाच्याच दुसऱ्या एका व्यवहारातील फसवणुकीबद्दल ह्या गृहस्थांना तुरुंगवास घडला. पाण्यातून पेट्रोल काढणारे, झाडपाल्यातून पेट्रोल काढणारे असे सिद्धपुरुष त्यानंतरही निरनिराळ्या देशांत उगवले आणि मावळले. आपल्या देशातही १९९६ साली तमिळनाडूतील एका तरुणाने वनौषधींपासून पेट्रोल केल्याचा दावा केला होता. त्या प्रकरणाचा शेवटही अखेर न्यायालयातच झाला.

दुसरा प्रयोग ओहायो प्रांतातील डेटन शहरी झाला, आणि तो सर्वस्वी प्रामाणिक होता. चार्ल्स केटरिंग हे तेथील नामांकित संशोधक. मोटारीला दांडा घालून फिरविण्याचा त्रास ज्या विजेच्या स्टार्टरने वाचविला, तो त्यांचाच. त्यांच्या हाताखाली टॉमस मिजली हा तरुण काम करीत होता. त्याने पदवी यंत्रविद्येची घेतलेली होती, रसायनशास्त्राची नव्हे. आणि ठोक्यांचे कारण शोधण्याचे काम त्याच्याकडे आले होते. गुरुशिष्यांनी एक तर्क लढविला. अमेरिकेत एक रानवेल आहे. तिची पाने पाठीमागून तांबूस असतात आणि ती बर्फ वितळण्यापूर्वीच फुलते. तांबडा रंग उष्णता लवकर शोषून घेत असावा, म्हणून तिला हे साधत असावे. मग पेट्रोललाच तांबडे केले तर? तेही लवकर तापेल, त्याची पूर्ण वाफ होईल आणि ठोके थांबतील. मिजली तांबडा रंग शोधावयास भांडारात गेला. पण तेलात विरघळेल असा तांबडा रंग तेथे नव्हता. होते ते आयोडिन. त्याने तेच पेट्रोलमध्ये घातले. १९१६ च्या डिसेंबरातील ही गोष्ट. आणि नवल असे, की ठोके थांबले!

मग त्याने खरेखुरे तांबडे रंग मिळवून ते घालून पाहिले. एकाचाही उपयोग झाला नाही. उलट, आयोडिनचे एक रंगहीन संयुग घातले, तर ठोके पुन्हा थांबले. म्हणजे रंगाचा तर्क साफ चुकीचा होता. गुण आयोडिनचा होता. चुकीच्या वाटेने जाऊन माणूस योग्य दारी पोहोचतो, असे विज्ञानात कधीकधी घडते. ह्या एका प्रसंगाने एक गोष्ट सिद्ध झाली, की पेट्रोलच्या मानाने अगदी अल्प प्रमाणात मिसळलेले एखादे द्रव्य त्याच्या ज्वलनाची रीतच बदलू शकते. मोटारवाल्यांच्या बटव्याला शास्त्राचा आधार मिळाला तो येथे.

आयोडिन महाग होते, आणि ते धातूला खातही असे. तेव्हा पुढे हाती येईल ते मिसळून पाहण्याचा क्रम सुरू झाला. १९१९ च्या जानेवारीत रंगांच्या कारखान्यात वापरले जाणारे ॲनिलिन गुणकारी ठरले. पण त्याच्या धुराची दुर्गंधी असह्य. मग सेलेनियम आले, टेल्युरियम आले. टेल्युरियमची कथा मोठी गमतीची आहे. त्याला लसणीसारखा उग्र दर्प असतो आणि तो अंगात मुरतो. स्नान करून, कपडे बदलूनही तो जात नसे. त्यामुळे ह्या संशोधकांना चारचौघांत मिसळणे कठीण झाले. अखेर मिजलीने अंधारातले चाचपडणे सोडले आणि मूलद्रव्यांचा तक्ता पुढे मांडून तो पद्धतशीर शोध घेऊ लागला. तक्त्यात जसजसे खाली व जड मूलद्रव्यांकडे जावे, तसतसा गुण वाढतो असे दिसून आले. त्या वाटेने तो शिशापाशी येऊन पोहोचला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे द्रवरूप संयुग इंजिनात वापरून पाहण्यात आले, आणि ठोके नाहीसे झाले. एका अमेरिकन गॅलनला अवघे तीन घन सेंटिमीटर, म्हणजे चहाचा लहान चमचाही पुरता भरत नाही, एवढ्यानेच काम भागत होते.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून शिशाची ओळख करून घेतली पाहिजे. शिसे ही मानवजातीला नवी वस्तू नव्हती. मारुतीला चढतो तो पारंपरिक शेंदूर शिशाचाच. आपल्या रसशास्त्रात शिशाला 'नाग' असे नाव आहे, आणि शोधन केल्यावाचून ते पोटात जाऊ देऊ नये, अशी त्या शास्त्राची शिकवण आहे. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने शिशाच्या नळांतून पाणी पिऊ नये असे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले. मुद्रणालयातील खिळे जुळविणारे, रंगारी, शिसे ओतणारे यांना होणारी पोटदुखी, हातांची लुळी पडलेली बोटे आणि बुद्धिभ्रंश वैद्यांना पूर्वीपासून परिचित होते. म्हणजे हे विष आहे, हे कोणास ठाऊक नव्हते असे नाही. प्रश्न एवढाच होता, की चमचाभर विष हजारो मोटारींतून हवेत उधळले तर काय होईल. आणि तो प्रश्न बाजारात माल आणण्यापूर्वी विचारावयाचा, की नंतर.

तो नंतर विचारला गेला. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटन शहरातील एका पंपावर शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाली. त्याला नाव देण्यात आले 'एथिल'. त्या नावात शिशाचा उल्लेखही नव्हता. त्याच वर्षीच्या इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध मोटार शर्यतीत पहिल्या तीन क्रमांकांच्या गाड्यांनी हेच इंधन वापरले, आणि त्याची कीर्ती सर्वत्र झाली. परंतु त्या वर्षाच्या आरंभी खुद्द मिजली शिशाच्या बाधेने आजारी होता, आणि स्वच्छ हवेसाठी काही काळ फ्लॉरिडात जाऊन राहिला होता.

१९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात अनर्थ झाला. तेथे हे द्रव्य तयार करणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले, काहींना आवरणे कठीण झाले. पाच कामगार दगावले, आणि तिसाहून अधिक रुग्णालयात पडले. न्यू जर्सीतच दुसऱ्या एका कारखान्यात कामगारांना नसलेले कीटक डोळ्यांपुढे उडताना दिसत, म्हणून त्या इमारतीला 'फुलपाखरांचे घर' हे नाव पडले होते. ते नाव ऐकावयास किती सुंदर, आणि त्यामागचा अर्थ किती भयंकर! वृत्तपत्रांत गहजब उडाला. न्यूयॉर्कसह काही शहरांनी ह्या पेट्रोलवर बंदी घातली. तेव्हा ३० ऑक्टोबर रोजी मिजलीने वार्ताहरांना बोलावले, त्यांच्यादेखत ते द्रव्य आपल्या हातांवर ओतले, ते हुंगले आणि ह्यात काही भय नाही असा निर्वाळा दिला. पावणेदोन वर्षांपूर्वी ह्याच शिशाने आपल्याला अंथरूण धरावयास लावले होते, हे त्याने विसरावे, ह्याहून मोठी आत्मवंचना कोणती?

२० मे १९२५ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल ह्यू कमिंग यांनी वॉशिंग्टन येथे ह्या विषयावर परिषद भरविली. तिकडे एका बाजूला तेल आणि मोटार कंपन्यांचे प्रतिनिधी होते. हा शोध म्हणजे ईश्वरी देणगी आहे, असे त्यांच्यातील एकाने सांगितले. दुसऱ्या बाजूला औद्योगिक आरोग्याच्या थोर अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन होते. त्यांचे म्हणणे असे, की कारखान्यातील अपघात हा खरा प्रश्नच नव्हे. कारखान्यात हातमोजे घालता येतील, पंखे बसविता येतील; पण रस्त्यावर हळूहळू, रोज थोडे थोडे साचत जाणाऱ्या शिशाला पंखा कोठे लावणार? हे विष एका दिवसात मारणारे नसल्यामुळेच ते अधिक घातक आहे. विक्री काही काळ थांबली, समिती नेमली गेली. तिने सुमारे अडीचशे लोकांची काही महिने तपासणी केली आणि १९२६ च्या जानेवारीत अहवाल दिला, की बंदी घालण्यास पुरेसा आधार आढळत नाही. मात्र दीर्घकाळ अभ्यास चालू ठेवावा. अहवालाचा पहिला भाग सर्वांनी लक्षात ठेवला आणि दुसरा सर्वजण विसरले. तो दीर्घ अभ्यास पुढे चाळीस वर्षे प्रामुख्याने त्या उद्योगाच्याच पैशाने चालला.

आपण म्हणाल, दुसरा उपायच नसेल तर काय करावयाचे? पण उपाय होता. मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळला असता ठोके थांबतात, हे त्या काळी चांगले ठाऊक होते. खुद्द मिजलीने १९२१ च्या ऑक्टोबरात मोटार-अभियंत्यांच्या सभेपुढे शेकडा ३० भाग मद्यार्क मिसळलेल्या इंधनावर गाडी चालवून दाखविली होती. पण मद्यार्क कोणीही गाळू शकतो. शेतकऱ्याच्या धान्यातून, उसाच्या मळीतून तो निघतो. त्याचे स्वामित्व एका कंपनीकडे राहणे शक्य नाही. शिवाय तो बराच घालावा लागतो, तेवढे पेट्रोल कमी खपते. शिसे मात्र चमचाभर पुरे, आणि त्याचे हक्क राखून ठेवता येतात. शास्त्राच्या तराजूत दोन्ही पारडी जवळजवळ होती; व्यापाराच्या तराजूत एक पारडे फार जड झाले.

यानंतर शिशाने जग जिंकले. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील बहुतेक पेट्रोल शिसेमिश्रित झाले होते. इंजिनात शिशाचा थर साचू नये म्हणून ब्रोमीनचे संयुग त्याच्या जोडीला घालावे लागे, आणि ब्रोमीन पुरेना म्हणून १९३४ साली उत्तर कॅरोलायनात समुद्राच्या पाण्यातून ते काढण्याचा कारखाना उभा राहिला. एका औषधासाठी दुसरे औषध, आणि त्यासाठी समुद्र उपसावयाचा! दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांनी ह्याच शिशाच्या बळावर अधिक दाबाची इंजिने वापरली. त्याच युद्धात पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये फवारून काही मिनिटे जादा शक्ती मिळविण्याची युक्तीही जर्मन व अमेरिकन विमानांत योजली गेली. ते पाणी आत जाऊन इंजिनाला थंड करी, आणि मिश्रण अवेळी पेटू देत नसे. पाणी हे इंधन नव्हे. पण योग्य जागी, योग्य मापाने ते इंधनाचे साह्य करू शकते. फार्मिंगडेलच्या त्या गृहस्थांना ही मर्यादा कळली असती, तर कदाचित त्यांच्या वाट्याला तुरुंगाऐवजी कीर्ती आली असती.

शिशाच्या ह्या साम्राज्याला पहिला धक्का दिला तो मोटारीशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाने. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचे वय मोजीत होता. त्यासाठी एका उल्केतील शिशाचे अतिसूक्ष्म मोजमाप करावयाचे होते. पण मोजमाप काही केल्या जुळेना. जिकडे पाहावे तिकडे शिसे: भांड्यांत, पाण्यात, धुळीत, हवेत, स्वतःच्या केसांत. अखेर त्याने अत्यंत स्वच्छ अशी प्रयोगशाळा उभारली, आणि १९५६ साली पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. आकडा मिळाला, पण एवढे शिसे आले कोठून, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. त्याने समुद्राचे पाणी तपासले. तो ग्रीनलंडच्या बर्फाकडे वळला. तेथे वर्षावर्षाचे हिम थरांनी साठलेले असते, जणू काळाच्या हिशेबाची वहीच. त्या वहीच्या जुन्या पानांवर शिसे अत्यल्प होते. विसाव्या शतकाच्या पानांवर ते अनेक पटींनी वाढलेले होते. १९६५ साली त्याने लिहिले, की ज्या पातळीला आपण नैसर्गिक समजतो, ती नैसर्गिक नव्हेच. आपण सारेच बाधित आहोत, आणि बाधितांची तुलना बाधितांशी करून त्यांना निरोगी ठरवीत आहोत. ह्या निबंधानंतर तेल उद्योगाकडून त्याला मिळणारे साहाय्य बंद झाले. पण तो डगमगला नाही.

दुसरा पुरावा मुलांच्या दुधाच्या दातांनी दिला. दात हे हाडासारखेच शिसे साठवून ठेवतात. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी शाळकरी मुलांचे पडलेले दात गोळा केले, त्यांतील शिसे मोजले आणि १९७९ साली दाखवून दिले, की ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्या मुलांची बुद्धी, अवधान आणि शिस्त उणी पडते. आणि ही मुले वरवर पाहता अगदी निरोगी होती. श्रोतेहो, ह्या वाक्याचा अर्थ आपण नीट ध्यानात घ्या. ज्या मुलाला आपण मंद म्हणून कोपऱ्यात उभे केले, त्याच्या मंदपणात त्याचा अपराध नसेलही. त्याचे घर हमरस्त्यालगत होते, एवढाच कदाचित त्याचा अपराध असेल.

अमेरिकेत १९७५ सालापासूनच्या नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र बसू लागले होते. शिशाने ते यंत्र निकामी होते, म्हणून बिनशिशाचे पेट्रोल विकणे भाग पडले. मुलांसाठी जे झाले नाही, ते यंत्रासाठी झाले, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. त्याचा परिणाम मात्र डोळ्यांत भरण्याजोगा होता. १९७६ ते १९८० ह्या काळात अमेरिकन लोकांच्या एक डेसिलिटर रक्तात सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसे असे; १९८८ ते १९९१ ह्या काळात ते २.८ वर आले. तेथे रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेमिश्रित पेट्रोलवर १ जानेवारी १९९६ पासून पूर्ण बंदी आली.

आपल्या देशात वाहनांच्या धुराचा प्रश्न मेहता यांच्या याचिकेने १९८५ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे होता. १९९४ साली चार महानगरांत शिशाचे प्रमाण कमी करण्यात आले. १ एप्रिल १९९५ पासून तेथे उत्प्रेरक यंत्राच्या नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले. आणि १ फेब्रुवारी २००० पासून साऱ्या देशात शिसे बंद झाले. म्हणजे आज जे चाळिशीच्या पुढे आहेत आणि ज्यांचे बालपण गिरगाव, दादर किंवा लक्ष्मी रस्त्याच्या काठी गेले, त्यांनी हे औषध लहानपणी श्वासाश्वासाने घेतलेले आहे. अखेर २०२१ च्या जुलैत अल्जीरियाने त्याची विक्री थांबविली, आणि मोटारीच्या टाकीतून शिसे जगभर हद्दपार झाले. मिजलीच्या प्रयोगाला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे होत होती. लहान पिस्टन-विमानांच्या इंधनात मात्र ते अद्यापि शिल्लक आहे.

शिसे गेले, पण ठोक्यांचा प्रश्न गेला नाही. तेव्हा नवी औषधे आली. एम-टी-बी-ई हे त्यांपैकी एक. धूर कमी करणारे म्हणून अमेरिकेत त्याचे स्वागत झाले. पण ते पाण्यात सहज मिसळते. पंपांखालच्या टाक्या झिरपल्या, ते जमिनीत उतरले, आणि १९९६ साली कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. हवेचा रोग गेला, तो पाण्यात उतरला.

आणि मग फिरून मद्यार्काची आठवण झाली. आपल्याकडे ही कल्पना अगदीच नवी नव्हती. मद्यार्क इंधन म्हणून वापरण्याविषयीचा कायदा १९४८ सालीच झाला होता. ब्राझीलने १९७५ पासून उसाच्या मद्यार्कावर गाड्या चालविण्याचे मोठे धोरण आखले. २००१ साली आपल्या देशात मद्यार्कमिश्रित पेट्रोलचे प्राथमिक प्रयोग झाले. त्यांसाठी निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी दोन महाराष्ट्रातील होती, मिरज आणि मनमाड. तिसरे उत्तर प्रदेशातील बरेली. २०२२ साली मिश्रणाचे प्रमाण शेकडा १० वर गेले, आणि २०२५ साली शेकडा २० वर. ज्या मळीच्या वासाने साखर कारखान्याची शीव ओळखू येते, तीच मळी आता पेट्रोलला औषध म्हणून जाते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी ज्याला डावलले, तो मद्यार्क अखेर मानाने परत आला.

पण म्हणून त्याला प्रश्न विचारावयाचे नाहीत, असे नव्हे. मद्यार्कात पेट्रोलच्या मानाने उष्णता सुमारे एकतृतीयांश कमी असते, म्हणून गाडी थोडी कमी धावते. तो हवेतील ओल शोषतो. जुन्या गाड्यांच्या काही रबरी भागांना तो मानवत नाही. आणि ऊस पाणी किती पितो, हे दुष्काळी तालुक्यातील शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. ह्या शंका विचारणारा मनुष्य प्रगतीचा वैरी ठरत नाही. १९२५ साली डॉ. हॅमिल्टन यांनी नेमके हेच केले होते.

ज्या मनमाडला २००१ साली हा प्रयोग झाला, त्याच मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी, इंधनातील भेसळीच्या संशयावरून तपासणी करीत असता, मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. स्वस्त रॉकेल महाग इंधनात मिसळणे हीही एक मिसळच. फरक एवढाच, की ती इंजिनासाठी नसून खिशासाठी असते. आणि पेट्रोलमध्ये रॉकेल पडले, की ज्या ठोक्यांसाठी शंभर वर्षे एवढा खटाटोप झाला, तेच ठोके परत येतात. ह्या ठोक्यांपायी एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचे प्राण गेले, हे आपण विसरू नये.

आता घाटमाथ्यावरच्या त्या चर्चेकडे पुन्हा वळू. डांबराच्या गोळ्या टाकणारा मनुष्य अगदीच खुळा नव्हता. नॅप्थलीन स्वतः ठोके न देता जळते. फक्त थंडीत ते पुन्हा गोठून नळीत अडकते आणि गाडी बंद पडते. त्याची चूक लहान होती, आणि तिचा दंड त्याच्याच गाडीला होत असे. एनरिक्टच्या लबाडीने काही धनिकांचे खिसे हलके झाले, एवढेच. सर्वांत मोठे नुकसान मात्र कोणा भोंदूने केले नाही. ते केले एका हुशार, कष्टाळू संशोधकाने, यशस्वी ठरलेल्या, मोजूनमापून सिद्ध झालेल्या उपायाने. इंजिनाचे ठोके थांबले की नाही, हा एकच प्रश्न त्याने विचारला, आणि त्याचे उत्तर अचूक मिळविले. टाकीत घातलेली वस्तू टाकीत राहत नाही. ती धुरातून हवेत, हवेतून धुळीत आणि धुळीतून रांगत्या मुलाच्या तोंडात जाते, हा दुसरा प्रश्न त्याने विचारला नाही. आणि ज्यांनी विचारला, त्यांना थांबण्यास सांगण्यात आले.

वैद्य औषध देतो, तेव्हा ते रोग्याच्या पोटात जाते. इंजिनाला दिलेले औषध मात्र शेजाऱ्याच्या पोटात जाते. यापुढे कोणी नवे औषध घेऊन आपल्याकडे आला, मग तो रस्त्याकडेचा मेस्त्री असो की नामांकित प्रयोगशाळा, तर गाडी किती धावेल हे तर आपण विचारूच. पण त्याबरोबर एवढेही विचारावे, की हे शेवटी जाते कोठे?